पाहिजेत: प्रेझेंटेबल मुली

फोन दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी येतो. लग्नसराई आणि आखाजी एकत्र आली की जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते, कौंटरवर माणसं कमी पडतात आणि मग आमच्यासारख्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांची आठवण होते. "सर, दोन मुली पाठवा. टॅली कच्चं असलं तरी चालेल, आम्ही शिकवून घेऊ. फक्त जरा... तुम्ही समजून घ्या."

मी समजून घ्यायचो. बॅचमधल्या मुलींवरून नजर फिरवायची, दोघी-तिघी मनातल्या मनात बाजूला काढायच्या आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. हे गाळणीचं काम मी बरीच वर्षं केलं, तेही फुकट. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट देणारा माणूस मुलींना रूपाचे मार्कही देत होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे दुकानदारांना नावं ठेवायची आहेत.

पूर्वी सगळं उघड होतं. छोट्या जाहिरातींत 'सुंदर, गोऱ्या, अविवाहित मुली पाहिजेत' असं छापून यायचं आणि आपण ते वाचून पान उलटायचो. आता तसं लिहायला लोक कचरतात. २०२० साली गोरेपणाच्या त्या घरोघरी असलेल्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन तिथं 'ग्लो' आलं, तसं जाहिरातीतलं 'गोरी' जाऊन 'प्रेझेंटेबल' आलं. शब्द इंग्रजी असल्यामुळे त्यात गैर काही वाटत नाही. अर्थ मात्र सगळ्यांना बरोबर कळतो, मुलींना तर सगळ्यात आधी.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवून गाळणी बाजूला ठेवली आणि बॅचमध्ये टॅलीत पहिली आलेली मुलगी एका मोठ्या दुकानात पाठवली. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातली, सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाणारी, रंगाने चांगली सावळी. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. आमच्याकडे मुली उन्हात निघतात तेव्हा नुसते डोळे दिसतात. बाकी सगळं स्टोल, सनकोट आणि कोपरापर्यंतच्या हातमोज्यांत बंद. तीही तशीच गेली. वीस मिनिटांत परत. आई सोबत होती, पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी.

"काय झालं?"

"त्यांनी स्कार्फ काढायला सांगितला सर. मग म्हणाले, जरा दाराकडे उजेडात उभी राहा. बघितलं, आणि म्हणाले कळवतो."

"टॅलीचं काही विचारलं?"

"कॉम्प्युटर बंदच होता."

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, पोरले कामले बलावं का दखाले बलावं?"

मुलगी कामाला बोलावली की बघायला? या प्रश्नाचं उत्तर आपल्या कायद्यात शोधायला गेलो तर काय हाती लागतं, ते सांगायला हा लेख आहे. मी वकील नाही. पण त्या बाईंना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वाचायला लागलो.

राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद आपण शाळेत पाठ केलेला असतो. त्याचा दुसरा भाग मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. तिथं थेट दुकानांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जायला मज्जाव करता येणार नाही. ज्या देशात पाणवठा आणि देवळाचं दार माणसागणिक बदलत होतं, तिथं हे कलम किती मोलाचं आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणजे त्या दिवशी ती मुलगी आणि तिची आई मणी-मंगळसूत्र घ्यायला गेल्या असत्या, तर घटना त्यांच्या बाजूने उभी होती. त्या कौंटरच्या पलीकडे उभं राहून तेच मंगळसूत्र विकायचं म्हणाल्या, की घटनेचा हात तिथं पोचत नाही. नोकरीतल्या समान संधीचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. काचेच्या कौंटरच्या अलीकडे राज्यघटना, पलीकडे मालक.

खाजगी नोकरीसाठी वेगळे कायदे आहेत, नाहीत असं नाही. १९७६ चा समान वेतन कायदा होता; त्याची जागा घेणारी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करू नये, असं ती सांगते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराशी भेदभाव नको म्हणतो. पण तो केला तेव्हाच त्यातलं बरंचसं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांपुरतं ठेवलं. जळगावातल्या गोलाणी मार्केटमधले गाळे मोजा, म्हणजे या अटीतून कोण कोण सुटलं ते कळेल.

समजा, दुकान मोठं आहे आणि कायदा लागू आहे. तरी त्या मालकाला कोणी कामगार अधिकाऱ्यापुढे उभं केलं तर तो काय सांगेल? "साहेब, भेदभाव कसला? माझ्याकडे बावीस मुलीच आहेत." आणि ते खरं असेल. कायदा विचारतो, बाईला बाई म्हणून नाकारलं का? इथं बाईला नाकारलेलंच नाही. अमुक प्रकारची बाई घेतली आणि तमुक प्रकारची परत पाठवली. माझं सगळं म्हणणं या फटीबद्दल आहे. रूपाची अट हा लिंगभेदच आहे, फक्त तो बाई आणि पुरुष यांच्यामध्ये न होता बाई आणि 'बाई कशी असावी' यांच्यामध्ये होतो. त्यामुळे कायद्याच्या तराजूत त्याचं वजनच येत नाही.

ही फट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा अगदी जवळून पाहिली होती. १९८१ चा नर्गेश मिर्झा खटला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना (हा शब्दही किती काही सांगून जातो, पुरुषांना कोणी हवाई सुंदर म्हणालं नाही) नियम असा होता: पस्तिशीला निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, आणि पहिल्यांदा दिवस राहिले तरी नोकरी गेली. त्याच विमानात ट्रे फिरवणारे पुरुष अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत. गरोदरपणाची अट न्यायालयाने कडक शब्दांत मोडून काढली. तरुण आणि आकर्षक मुलगी अवघड प्रवाशाला जास्त चांगलं हाताळते, हे कंपनीचं म्हणणंही न्यायालयाला पटलं नाही. नम्रपणा आणि हुशारी वयावर अवलंबून नसते, असा त्याचा सूर होता. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र टिकली. आणि एकूण वेगळ्या वागणुकीला भेदभाव म्हणायला न्यायालय तयार झालं नाही, कारण घटनेत शब्द आहे 'केवळ'. केवळ लिंगावरून भेदभाव नको. इथं लिंगाबरोबर आणखी गोष्टी होत्या: भरतीची पद्धत वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या, केडर वेगळं.

या 'केवळ'ची मला धास्ती वाटते. कारण रूपाच्या अटीत नेहमीच लिंगाबरोबर आणखी काहीतरी असतं. बाई आणि सावळी. बाई आणि जाड. बाई आणि चाळिशीची. बाई आणि लग्न झालेली. त्या 'आणि'पाशी आलं की कायदा हात वर करतो.

न्यायालयं तिथंच थांबली असंही नाही. लष्करी परिचारिका सेवेतल्या एका अधिकारी बाईंना १९८८ साली लग्न केलं म्हणून काढलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ढळढळीत भेदभाव ठरवला आणि साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पस्तीस वर्षांहून जास्त काळ गेला मधे. आमच्या क्लासच्या बोर्डावर 'अविवाहित' लिहिलेली चिठ्ठी अजून दर महिन्याला येते.

अमेरिकेत हाच गुंता दोन बायकांच्या खटल्यांतून जास्त स्पष्ट दिसतो, म्हणून थोडं तिकडे जाऊ. अ‍ॅन हॉपकिन्स ही प्राइस वॉटरहाउस या हिशेबनिसांच्या बड्या कंपनीत होती. त्या वर्षी भागीदारीसाठी अठ्ठ्याऐंशी नावं पुढे आली, त्यात बाई ती एकटी. काम उत्तम, कोट्यवधींचं सरकारी कंत्राट मिळवून दिलेलं. तरी भागीदारी अडकली आणि तिला सल्ला मिळाला: जरा बायकी चाल, बायकी बोल, बायकी कपडे घाल, मेकअप कर, केस नीट करून घे, दागिने घाल. हिशेबाचं कोणी काही बोललं नाही. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'बाई अशीच असावी' या ठोकताळ्यावरून घेतलेला निर्णय हासुद्धा लिंगभेदच. आक्रमक झाली तर बाईपणात कमी, नाही झाली तर कामात कमी, या कात्रीतून कायद्याने बाईला सोडवलं पाहिजे, असा तो विचार होता. आपल्याकडे तो अजून नोकरीच्या कायद्यात नीट उतरलेला नाही.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. त्याच अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावी डार्लीन जेस्पर्सन नावाची बाई एका कॅसिनोच्या बारवर सुमारे वीस वर्षं काम करत होती. गिऱ्हाइकं खूश, वरिष्ठ खूश. मग नियम आला: बायकांनी पावडर, लाली, मस्कारा, लिपस्टिक लावलीच पाहिजे. पुरुषांनी केस आखूड ठेवायचे, नखं कापायची. तिला मेकअप सोसत नव्हता. तो लावला की आपण आपण राहत नाही, असं तिचं म्हणणं. तिने नकार दिला, नोकरी गेली. २००६ मध्ये अपिलाच्या न्यायालयात ती हरली. कारण? मेकअपचा खर्च आणि वेळ पुरुषांच्या नियमापेक्षा जास्त पडतो, याचा पुरावा तिने कागदावर आणला नाही म्हणे. वेगळं मत देणाऱ्या एका न्यायाधीशाचं म्हणणं होतं की मेकअपला पैसे आणि वेळ लागतो हे काय सिद्ध करून दाखवायचं?

मला तो न्यायाधीश आवडला. पण तो पुरावा आम्ही जळगावातून पाठवू शकलो असतो. माझ्याकडची एक मुलगी साड्यांच्या दुकानात लागली. पगार आठ हजार. दुकानाच्या रंगाच्या दोन साड्या सक्तीच्या, त्यांचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापले. आयब्रो दर पंधरा दिवसांनी, कारण मॅनेजर बघतो. लिपस्टिक, पावडर, आंबाड्यावरची जाळी, चापूनचोपून साडी नेसायला सकाळचा अर्धा तास. तिच्या शेजारी उभा राहणारा मुलगा आंघोळ करून दुकानाचा टी-शर्ट घालून येतो, आणि तो टी-शर्ट फुकट मिळालेला. वहीच्या मागच्या पानावर तिने हा हिशेब मला मांडून दाखवला. टॅली शिकवलेली मुलगी ती, खातं बरोबर जुळवलं होतं. दिसण्याचा खर्च कोण सोसतो, या एका प्रश्नावर मला वाटतं अर्धा वाद संपतो.

आणि उभं राहणं. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं, मुलगी उभी. गिऱ्हाईक नसलं तरी उभीच, कारण बसलेली मुलगी दिसली की 'दुकानाची कळा जाते'. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला बसायचा हक्क दिला. कापड दुकानांतल्या बायकांनी केरळात त्यासाठी लढा दिला होता. स्टुलावर बसायला कायदा लागावा, हे वाचून आमच्या घरी हसू आलं. मग बायकोने तिच्या बहिणीच्या पायाच्या शिरांबद्दल सांगितलं आणि हसू थांबलं.

आता मालकांची बाजू. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, कारण त्यातले निम्मे मला रोज भेटतात, चहा पाजतात. त्यांचं ठरलेलं वाक्य: "सर, मला काही नाही हो. गिऱ्हाइकाला हेच लागतं." या वाक्याचं वय मोठं आहे. अमेरिकेत पॅन अ‍ॅम या विमान कंपनीने पुरुषांना केबिनच्या कामावर घ्यायला नकार दिला होता आणि प्रवाशांना बायकाच आवडतात असं कोर्टात सांगितलं होतं, तेही मानसशास्त्राचा आधार देऊन. १९७१ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ते फेटाळलं. विमान कंपनीचं मूळ काम माणसांना सुखरूप पोचवणं आहे, मन रिझवणं हे वरचं. गिऱ्हाइकाच्या आवडीवर भेदभाव चालवायचा तर मग भेदभावाविरुद्ध कायदा कशाला केला? गिऱ्हाइकाच्या आवडीतूनच तर तो भेदभाव जन्मलेला असतो. दिल्लीत हॉटेलच्या बारमध्ये बायकांना काम करू न देणारं १९१४ च्या अबकारी कायद्यातलं कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, तेव्हाही विचार जवळपास असाच होता: बाईला धोका आहे म्हणून बाईला घरी पाठवू नका, धोका काढा.

शिवाय गिऱ्हाइकाला खरोखर हेच लागतं का? आमच्याकडे सराफाच्या दुकानात येतं कोण? केळीचे किंवा कापसाचे पैसे हातात आलेलं कुटुंब. बाप खिसा सांभाळत मागे उभा, आजी पुढे, लेक मधे. आजीला विचारायचं असतं घट किती धरणार, मजुरी किती, जुन्या पाटल्या मोडल्या तर काय भाव लागेल. हॉलमार्कचा तो बारीक नंबर कुठं असतो ते भिंगातून दाखवणारं कोणीतरी हवं असतं. माझी आई बाजारात गेली की एकाच दुकानात जाते, आणि तिथं एकाच काकूंसमोर बसते. काकू पंचावन्नच्या असतील, चष्मा नाकावर घसरलेला, अहिराणीत बोलतात, आणि "हाई नको लेऊ, हलकं शे" (हे घेऊ नको, हलकं आहे) असं मालकाच्या देखत सांगतात. काकू सुट्टीवर असल्या तर आई परत येते. गिऱ्हाइकाची आवड मोजायची असेल तर ती अशी मोजा. काचेबाहेर उभ्या असलेल्या मालकाच्या डोळ्यांनी नको.

खरं सांगायचं तर रूप हा शब्द मी एवढा वेळ वापरतोय त्यात रंग आणि जात दोन्ही लपलेले आहेत. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतल्या भेदभावाच्या कारणांमध्ये वंशाबरोबर 'रंग' हा शब्द स्वतंत्र आहे. आपल्या पंधराव्या अनुच्छेदात रंग नाही. घटना करणाऱ्यांना जात दिसत होती, आणि ती एवढी मोठी होती की रंग तिच्या सावलीत राहिला असावा, असा माझा अंदाज. पण खान्देशात रंग विचारणं म्हणजे पुष्कळदा शेत विचारणं असतं. उन्हात कोण राबतं, कोणाची आई निंदणीला जाते, हे कातडीवर लिहिलेलं असतं. आणि गंमत बघा, जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, केळीच्या बागेत बाईला कामावर घेताना कोणी उजेडात उभं करत नाही. पंखा आणि एसी आला की चेहरा तपासला जातो.

परीक्षेच्या कामासाठी नंदुरबारला जावं लागायचं. तिथं मोलगीकडची एक भिल्ल मुलगी होती, बारावी पास, टायपिंगचा वेग उत्तम. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. लहानपणी आजीने हौसेने, मांडीवर घेऊन गोंदवून घेतलेले. एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला मुलाखत झाली. सगळं जमलं आणि शेवटी विचारलं, "हे काढता येतं का? लेझरने?" आता, ही अट लिंगाची की जमातीची? जात विचारली असती तर गुन्हा दाखल करता आला असता कदाचित. हनुवटी विचारली, त्याला कलम नाही. तिने मला विचारलं नाही, मीच न राहवून विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, "मी म्हटलं, आजीला विचारून सांगते." आणि हसली. त्या हसण्यात चीड होती की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चेहऱ्यावरून नोकरी नाकारणं चूक आहे हे आपल्या कायद्याला अजिबात कळत नाही असं नाही. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्याने विद्रूप झालेल्यांचा समावेश केला, तेव्हा ते कळलेलं होतं. त्याच यादीत कोड, म्हणजे कातडीवरचे पांढरे डाग, नाही. हातावर कोड असलेली मुलगी कौंटरवर बसू शकेल का, हे आजही त्या मालकाच्या मनावर.

आणि मुलगे? त्यांना यातून सुटका आहे असं समजू नका. आमच्याकडे हिशेबात हुशार असा एक मुलगा होता. आवाज मऊ, बोलताना हात हलायचे, कानात बारीक बाळी. दोन ठिकाणी त्याला 'जरा पुरुषासारखा बोल' असं ऐकवलं. हॉपकिन्सबाईंना मिळालेला सल्ला, फक्त उलटा करून. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला खाजगी आस्थापनांनाही मनाई केली आहे. पण त्या मुलाने स्वतःला कुठल्याच नावाने ओळख दिलेली नव्हती. तो फक्त मऊ बोलत होता. आमच्याकडच्या अनेकांसारखा तोही नवापूरमार्गे सुरतेला गेला. तिथल्या कापड बाजारात गिऱ्हाइकाशी मऊ बोलणाऱ्याला किंमत आहे म्हणे.

इथं माझ्या मित्रांचा एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. गणवेश वाईट का? दुकानातल्या सगळ्या मुलींना एकच साडी असेल तर गरिबाच्या मुलीचे जुने कपडे झाकले जातात. कबूल. मी स्वतः क्लासमध्ये ओळखपत्र सक्तीचं केलं आहे. एसटीतल्या कंडक्टर बाईंकडे बघा. अंगावर खाकी, हातात तिकिटाचं मशीन, आणि चोपड्याच्या गाडीत उभ्या प्रवाशांतून वाट काढत पुढे. ती गोरी की सावळी हे आजवर कोणी विचारलं? खाकी सांगते की ही ड्युटीवर आहे. ती कशी बाई आहे हे खाकी सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या: बायकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, पुरुषांना शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच धूळ उडाली. मला त्यात जीन्सच्या बंदीपेक्षा दुपट्टा खटकला. शर्ट खोचला की माणूस नीटनेटका दिसतो, मान्य. दुपट्ट्याने कुठला फळा जास्त स्वच्छ पुसला जातो?

तेव्हा गणवेश असो, पण तो कामासाठी असावा, सगळ्यांवर सारखाच पडावा, आणि मालकाच्या खर्चाने असावा. ज्याला दुकानाची शोभा हवी त्याने शोभेचे पैसे द्यावेत. आणि अंगाच्या अटी, म्हणजे रंग, बांधा, उंची, वय, लग्न, गोंदण, या कामाशी सरळ नातं दाखवल्याशिवाय लावता येऊ नयेत. हे नातं दाखवायची जबाबदारी मालकाची हवी, मुलीची नको. जेस्पर्सनबाई त्या ओझ्याखालीच हरल्या. फ्रान्सने २००१ पासून भेदभावाच्या कारणांत 'शारीरिक रूप' स्पष्ट लिहिलेलं आहे, त्याने तिथली दुकानं बंद पडली नाहीत. आपल्याला दिल्लीकडे बघायचीही गरज नाही. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचा आहे. त्यातल्या स्त्रियांच्या भेदभावाच्या कलमात 'रूप व रंग' हे शब्द आणि जाहिरातीत अशी अट छापायला दंड, एवढं मुंबईत बसून करता येतं. लहान दुकानं सोडायची असतील तर सोडा, पण छापील जाहिरात कोणाचीच सोडू नका. जाहिरात हा फुकट मिळालेला पुरावा आहे.

असा कायदा झाल्यावर लोक 'समजून घ्या'वर येतील, हे मला ठाऊक आहे. आत्ताही तिथंच आहेत. पण निदान उजेडात उभी केलेली मुलगी घरी जाऊन आईला काय झालं ते सांगेल तेव्हा त्याला नाव असेल.

या आखाजीला फोन आला तेव्हा मी म्हटलं, "शेठ, काय काय हवं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, तसंच्या तसं बोर्डावर लावतो." पलीकडे जरा शांतता. मग, "अहो सर, लिहायचं काय त्यात, तुम्हाला माहीतच आहे." मी परत म्हटलं, लिहून पाठवा. संध्याकाळी मेसेज आला: 'दोन जागा. टॅली आवश्यक. वेळ ११ ते ९.' मुलगी, वय, लग्न, काहीच नव्हतं. मी लगेच बोर्डावर लावला आणि टॅलीत चांगली असलेली तीन नावं पाठवली, त्यात एक मुलगा.

तिघांपैकी कोणालाच घेतलं नाही. समोरच्या क्लासमधून दोन मुली घेतल्या, असं नंतर कळलं. अमळनेरकडची ती पहिली मुलगी आता एमआयडीसीत डाळ मिलच्या ऑफिसात हिशेब बघते. तिथं गिऱ्हाईक येत नाही, ट्रकवाले येतात. जीएसटीचं रिटर्न भरताना अडली की फोन करते. परवा केला तेव्हा मागे यंत्राचा एवढा आवाज होता की तिला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं.